मन्या, काकूंचं घर भाड्याने द्यायचंय

पुणे, रविवार रात्र

प्रिय मन्या,

सात महिने झाले. तुझ्या दिवाळीच्या मेसेजलाही मी नुसते जोडलेले हात टाकले, फोन केला नाही, काय शिव्या द्यायच्या त्या दे. बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठीक. आज लिहायला बसलोय कारण फोनवर हे मला नीट सांगता आलं नसतं, तू मध्ये मध्ये बोलतोस.

काकूंचं घर भाड्याने द्यायचं काम माझ्याकडे आलंय.

हो, तेच. जिन्यातली तिसरी पायरी अजून हलते. काकूंच्या मुलाचा, दादाचा, अमेरिकेतून फोन आला, म्हणाला आईला आता दोन जिने होत नाहीत, लिफ्ट बसणं शक्य नाही, तळेगावच्या बाजूला एका ठिकाणी तिची सोय केलीये, तिनेच हो म्हटलंय, घर रिकामं ठेवायचं नाही, तूच बघ, दुसऱ्या कुणाला देणार नाही. मी हो म्हणालो. नाही कसं म्हणणार? आणि परक्या एजंटने येऊन त्या घराचे फोटो काढलेले मला चाललेही नसते.

गुरुवारी टॅब घेऊन गेलो. तुला माझं आताचं काम माहीत नाही, तू माझ्याबरोबर एजंट होतास तेव्हा आपल्याकडे जाड डायरी, चाव्यांचा जुडगा आणि तुझी स्प्लेंडर. आठवतं, २०१२ मध्ये तू म्हणत होतास टॅब घेऊ आणि मी म्हणालो होतो गिऱ्हाइकाला घर हवंय, चित्र नकोय, आणि त्यावरून आपण तीन आठवडे बोललो नव्हतो? तुझं बरोबर होतं, आज लेखी देतो. (पण स्प्लेंडरच्या पेट्रोलचे चारशे रुपये तू अजून दिलेले नाहीस, तेही लेखी राहू दे.) मी शेवटी सेकंडहँड आयपॅड प्रो घेतला, २०२१ चा, आणि आता त्याच्याशिवाय मला घराबाहेर पडवत नाही. आधी एका रविवारी एका फॅमिलीला दहा-बारा फ्लॅट हिंडवायचो, संध्याकाळी नवरा-बायकोचं रस्त्यातच भांडण व्हायचं. आता पंधरा घरं त्यांच्या सोफ्यावर बसून दाखवतो, प्रत्यक्ष दोनच बघायला नेतो. इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचा उतारा, टॅक्सची पावती, लाइट बिल, सगळं त्यातच. मालक परदेशात असला तर व्हिडिओ कॉलवर नळ सोडून पाण्याचा जोर दाखवतो. आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे म्हातारी माणसं ऍग्रीमेंटचा ड्राफ्ट स्वतः वाचतात, दोन बोटांनी अक्षर मोठं करून. कागदावर ते सहीपुरतं बघायचे, आता एकेक कलम विचारतात. माझा वेळ जातो, पण मला ते खरं काम वाटतं.

तर काकूंकडे. आधी मापं घेतली. या टॅबला लायडार आहे, भिंतीवर धरला की अंतर सांगतो. आपली खोली किती भरली माहितीये? नऊ फूट दोन इंच बाय अकरा. मी दोनदा मोजली. त्यात आपण चौघं राहायचो मन्या, कॉट बेसिसवर, तीन कॉट आणि एक जण खाली, आणि खिडकीच्या जागेवरून तू आणि मी ९७ चा आख्खा उन्हाळा भांडलो.

मग फोटो. झिरो पॉइंट फाइव्हवर लावला की वाइड अँगलमध्ये तीच खोली चौदा फुटांची दिसते, म्हणून मी प्रत्येक फोटोखाली खरे फूट लिहितो, ही माझी पद्धत आहे, गिऱ्हाईक आल्यावर त्याचं तोंड पडू नये. ओल आलेली भिंत मी कधी लपवली नाही आणि लपवणारही नाही, ती सरळ फसवणूक आहे. पण सामान काढतो. टॅबमध्ये क्लीन अप म्हणून एक बटण आहे, नको ती वस्तू बोटाने गोल केली की ती जाते आणि मागची भिंत, फरशी तो स्वतःच भरून काढतो. दोरीवरचे कपडे, बादल्या, डबे, सगळे एजंट करतात. घर मोकळं दिसलं की फोन येतात.

मी हॉलमध्येच बसून साफ करत होतो. वॉकर काढला. औषधांचा डबा काढला. फराळाच्या ऑर्डरीचे ते पत्र्याचे मोठे डबे, अजून आहेत रे, ते काढले. हार घातलेला काकांचा फोटो काढला. मग स्वयंपाकघराचा फोटो आला, त्यात दारातून मागची खुर्ची दिसत होती आणि खुर्चीत काकू बसल्या होत्या, अर्ध्या, चेहरा खिडकीकडे. आणि हात सवयीने गेला मन्या. गोल केलं. काकू गेल्या आणि तिथे भिंत आली, तीच हिरवट ऑइल पेंटची, इतकी बरोबर की तिथे कुणी बसलं होतं असं वाटेचना.

मी दोन मिनिटं नुसता बघत बसलो. तेवढ्यात त्या आतून चहा घेऊन आल्या, वॉकर एका हाताने ढकलत, दुसऱ्या हातात कप, मी उठेपर्यंत त्यांनी ठेवलाही. म्हणाल्या, बघू रे कसं दिसतंय. नाही म्हणता येईना. दादाने त्यांना व्हिडिओ कॉल शिकवलाय त्यामुळे स्क्रीन वापरता येते, एकेक फोटो बोटाने सरकवत गेल्या. "मोठं दिसतंय रे घर." मग थांबल्या. "ह्यांचा फोटो काढलास?" मी म्हणालो, काकू, भिंतीवर आहे की, फक्त यातून काढलाय. तर म्हणाल्या, "हो हो, नवीन माणसांना कशाला दुसऱ्याची माणसं." पुढचा फोटो स्वयंपाकघराचा. तो त्यांनी मोठा केला. बराच वेळ बघितला. काही बोलल्या नाहीत. टॅब परत दिला आणि विचारलं, तो उंच मुलगा काय करतो आता, ज्याला भात जास्त लागायचा. म्हणजे तू.

चार दिवस मला हेच छळतंय की त्यांना दिसलं का. फोटो काढून होईपर्यंत त्या खुर्चीवरून हलल्याच नव्हत्या, आपण फोटोत असणार हे त्यांना कळत असणार की नाही? कधी वाटतं त्यांनी नुसती ओट्याची फरशी बघितली, कारण त्यांना ती फुटल्याचं वाईट वाटतं. कधी वाटतं सगळं कळलं आणि मला लाज वाटू नये म्हणून त्यांनी तुझा विषय काढला. मेसचे पैसे थकल्यावर त्या असंच करायच्या ना, पैशांचं न बोलता विचारायच्या घरी आई कशी आहे.

बायको म्हणते, अहो फोटोच आहे, भाडेकरूला रिकामंच घर दाखवणार ना. बरोबर आहे तिचं. २०२३ मध्ये महारेराने, म्हणजे घरबांधणीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, आम्हा एजंटांना परीक्षा सक्तीची केली तेव्हा कार्पेट एरिया, जाहिरातीत काय हवं काय नको सगळं पाठ केलं, माणूस पुसायचा की नाही हे कुणी विचारलं नव्हतं. आणि गंमत बघ, गंमत कसली, घर काकूंच्या नावावर आहे. म्हणजे भाड्याचं ऍग्रीमेंट, लीव्ह अँड लायसन्स, रजिस्टर करताना पार्टी त्याच. तो लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन येणारा मुलगा त्यांना वेबकॅमसमोर बसवणार, फोटो काढणार, अंगठा घेणार, आणि तो फोटो ऍग्रीमेंटवर छापून येणार. जाहिरातीत नको आणि ऍग्रीमेंटवर हव्यात. अंगठाही सहज लागणार नाही, मला आत्ताच माहितीये, चाळीस वर्षं चकल्या पाडून आणि भांडी घासून त्या बोटांवर रेषा उरलेल्या नाहीत, दहा वेळा पुसून दाबून घ्यावा लागेल आणि त्या दर वेळी सॉरी म्हणतील. मला ते बघवणार नाही.

मी अजून जाहिरात टाकलेली नाही. दादाचे दोन मेसेज आलेत, अकरा महिन्यांचं करू, फक्त फॅमिली, लवकर बघ. मंडई मेट्रो चालत दहा मिनिटांवर आली म्हणून गिऱ्हाईक लगेच मिळेल, एक जोडपं बंगळुरूहून फोन करतंयसुद्धा. टॅबमध्ये मूळ फोटो राहतो, रिव्हर्ट दाबलं की परत येतो. काल रात्री दाबलं. काकू खुर्चीत परत आल्या. तसाच ठेवलाय. जाहिरातीत काय टाकू ते कळत नाही.

सोनूला बारावीला किती पडले? अभिनंदन सांग. वहिनींचं गुडघ्याचं झालं का? कोल्हापुरात बदली टिकली म्हणजे बरं झालं, आईंना सोडून राहायला नको.

ऍग्रीमेंट पुढच्या शनिवारी धरतोय, सकाळी अकराला, काकूंच्या घरीच. त्या एक तारखेला जाणार. तू शुक्रवारी रात्रीच्या गाडीने ये. अंगठा घेताना त्यांच्या शेजारी तू बस, मी पलीकडे बसतो. स्वयंपाकघराचा फोटो त्यांना विचारूनच टाकीन, पण विचारताना तू असशील तर मला बरं वाटेल. त्यांनी भाताचं विचारलंय तुझ्या, उपाशी ये.

तुझा,
बाळ्या