नाव वर घे, डबा खाली घे

प्रिय काका,

नारायण पेठेतल्या एका बोळात तुमचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून देण्याचं दुकान आहे, एवढंच इथे लिहिते. तुमचं नाव टाकलं असतं तर तुम्ही चिडला असतात. आणि हे पत्र हातात आणून दिलं असतं, तर न वाचता गल्ल्यात टाकून 'चहा घेणार का?' एवढंच विचारलं असतंत. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेलच.

जुलैचा शेवटचा आठवडा होता. मासिकाचं मुखपृष्ठ करायचं आमचं प्रोजेक्ट, २० मार्कांचं. मासिक अर्थातच कल्पनेतलं. आम्ही त्याचं नाव ठेवलं 'मुक्काम पोस्ट', आणि अंकाचा विषय घेतला गावाहून पुण्यात शिकायला आलेल्या पोरांचे डबे. मी परभणीची, त्यामुळे विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. मेसच्या मावशींचा स्टीलचा चार मजली डबा होस्टेलच्या खिडकीत ठेवला, मागे पाऊस, आणि मैत्रिणीच्या मोबाइलवर फोटो काढला. फोटो झकास आला होता. बाकी सगळं बिघडवायचं काम मी एकटीने केलं.

संध्याकाळी सात वाजता मी पेनड्राइव्ह घेऊन तुमच्याकडे आले ते फक्त दोन कलर प्रिंट मारून घ्यायला. दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं. तुम्ही फाइल उघडलीत, चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, "हे बिस्किट कुठलं?"

मला कळेचना. तुमचं बोट बारकोडवर होतं. मुखपृष्ठावर बारकोड हवा असं सरांच्या यादीत होतं, म्हणून मी तो खोलीत पडलेल्या पुड्यावरून स्कॅन करून चिकटवला होता. "८९० ने सुरू होतोय. हा दुकानातला माल झाला. नियतकालिकाचा ९७७ ने सुरू होतो, पुस्तकाचा ९७८ ने. तुझ्या मासिकाला आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक आहे का? नाही ना? मग खोटा कशाला लावतेस?" आणि मला न विचारताच तुम्ही तो उडवलात. मला तेव्हा राग आला होता, आज सांगते.

मग तुमची नजर नावावर गेली. नाव पानभर पसरावं म्हणून मी अक्षरांमधली जागा वाढवली होती. इंग्रजी मासिकांची नावं अशी ऐसपैस छान दिसतात, तेच डोक्यात. देवनागरीत त्याचं काय होतं ते मी स्क्रीनवर पाहत होते, पण मला दिसत नव्हतं. शिरोरेषा प्रत्येक अक्षरानंतर तुटली होती. "अगं, दोरीच कापलीस की. कपडे राहतील का वर?" त्यातून आमच्या कॉलेजच्या मशीनवर 'मुक्काम'मधला क्क फुटून पाय मोडका क आणि शेजारी दुसरा क असा दिसत होता. मी तो 'वेगळा फॉन्ट' म्हणून खपवायच्या बेतात होते. तुम्ही टाइपच्या सेटिंगमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडलात आणि जोडाक्षर जागच्या जागी बसलं. दोन दिवस मी त्याच्याशी झटत होते, काका.

जागा वाढवायची नाही तर नाव मोठं कसं करायचं? तुम्ही ते दोन ओळींत तोडलंत. वर 'मुक्काम', खाली 'पोस्ट'. लगेच नवीन लफडं: वरच्या 'मु'चा उकार बरोबर खालच्या 'पो'च्या मात्रेत घुसला. मी म्हटलं, ओळींमधलं अंतर वाढवू. तुम्ही मान हलवलीत आणि 'पोस्ट' उजवीकडे सरकवत नेऊन 'काम'च्या खाली बसवलंत. तिथे वरून काहीच खाली येत नाही. डावीकडे जी जागा मोकळी झाली, तिथे पोस्टाच्या शिक्क्यासारखा गोल करून महिना आणि साल. ही कल्पना माझी होती, एवढं श्रेय मी घेते.

रंगांचं मी थोडक्यात उरकते, कारण लाज वाटते. स्क्रीनवरचा तो झगझगीत पोपटी कागदावर शेवाळासारखा आला. आरजीबी म्हणजे स्क्रीनचे रंग आणि सीएमवायके म्हणजे छपाईच्या चार शाया, यांतला फरक मी परीक्षेत लिहून आले होते, तरी फाइल आरजीबीतच. काळ्या अक्षरांचं मात्र नवीन कळलं. प्रेसच्या रद्दीतला एक शीट आणि भिंग तुम्ही माझ्या हातात दिलंत. भिंगाखाली त्या बारीक काळ्या अक्षरांना एका कडेने लाल आणि दुसरीकडून निळी झालर होती. चार शाईंचा मिळून काळा केला आणि त्यातल्या एका शाईची छपाईची प्लेट केसभर सरकली की असं होतं. म्हणून बारीक मजकूर नुसत्या काळ्यात. आता कुठलंही छापील पान दिसलं की मी ते डोळ्यांजवळ नेते, मैत्रिणी हसतात.

आणि ब्लीड, म्हणजे कापताना कडा पांढरी राहू नये म्हणून पानाबाहेर वाढवलेलं चित्र! माझी फाइल नेमकी ए-फोर, २१० बाय २९७. तुम्ही चारी बाजूंनी ३ मिमी वाढवून ती २१६ बाय ३०३ केलीत आणि कटिंग मशीनखालच्या कातरणाच्या ढिगातून एक पट्टी उचलून दाखवलीत. त्या पट्टीवर कुणाच्या तरी पत्रिकेतलं 'आग्रहाचे' अर्धं कापलेलं होतं.

कपाटातून तुम्ही जुने दिवाळी अंक काढलेत ते मात्र मला विसरता येत नाही. चित्रकार दीनानाथ दलाल म्हणजे माझ्यासाठी तोवर पाठ केलेल्या दोन ओळी: जन्म मडगावचा, १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केलं. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये काढलेला 'मनोरंजन'चा दिवाळी अंकही तसाच घोकलेला. तुमच्या टेबलावर 'दीपावली'चा पिवळा पडलेला अंक बघितला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हे कुणीतरी बसून रंगवलंय. चित्र, नाव, साल. बस. तुमचं म्हणणं, मी मुखपृष्ठावर टाकलेल्या मजकुराच्या सात ओळींपैकी एकही नको. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. त्या अंकाचं नाव घरोघरी माहीत होतं, 'मुक्काम पोस्ट' कुणाला माहीत आहे? आपण बराच वेळ घासाघीस केली आणि तीन ओळींवर तडजोड झाली.

शेवटी नऊ वाजता, शटर अर्धं ओढून, तुम्ही मला पावसात कोपऱ्यावरच्या पेपर स्टॉलवर नेलंत. मासिकं एकावर एक अशी मांडलेली की प्रत्येकाची वरची चार बोटंच दिसत होती. आणि 'जरा वेगळं' म्हणून मी नाव ठेवलं होतं तळाला! तुम्ही काहीच बोलला नाहीत, नुसते उभे राहिलात. परत आल्यावर मीच म्हणाले, नाव वर घेते, डबा खाली घेते.

तुम्ही फक्त दोन प्रिंटचे पैसे घेतलेत. मी त्या प्रिंट रेनकोटच्या आत धरून पळाले, आभार मानायचे राहूनच गेले. ते आज मानते.

१७ मार्क मिळाले. बारकोड नाही म्हणून दोन कापले, उरलेल्या एकाचं कारण सरांनी सांगितलं नाही. मावशींनी एक प्रिंट मेसमध्ये पोळ्यांच्या डब्यावर चिकटवलीय, तूप लागून कोपरा पारदर्शक झालाय.

शनिवारी येते. माझा पेनड्राइव्ह तुमच्या खिडकीकडच्या मशीनला राहिलाय, लाल टोपणाचा. कुणाला देऊ नका.

तुमची,
बिस्किटवाली