जुना ऑसिलोस्कोप बाहेर काढणाऱ्या सरांस

आदरणीय सर, सादर नमस्कार.

माझ्या 10 मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरसंबंधी (सेकंदाला एक कोटी आवर्तनांची विद्युत लहर देणाऱ्या साधनासंबंधी) आपण पाठवलेले टिपण आणि त्यासोबतची छायाचित्रे मी अजूनही वारंवार उघडून पाहते, आणि दर वेळी आपले आभार नीट मानायचे राहिले आहेत ही जाणीव बोचते. खाजगीत दोन ओळी लिहून हे ऋण फिटणारे नाही. म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. आपले नाव मात्र आपल्या इच्छेप्रमाणे वगळले आहे.

हा ऑसिलेटर कितपत अचूक आहे हे तपासण्यासाठी आपल्याकडे येण्यापूर्वी जे अनुभव आले, तेही नोंदवणे भाग आहे. एका जाणकारांनी माझ्याकडची साधने ऐकून घेतली आणि महागड्या उपकरणांवाचून हा नाद करूच नये, असे सांगून विषय संपवला. दुसऱ्या एका ठिकाणी ऑसिलेटर वारंवारता मोजणाऱ्या काउंटरला जोडून, पडद्यावर एकानंतर सगळी शून्येच उमटलेली दाखवून, तो निर्दोष असल्याचा निर्वाळा शुल्क घेऊन देण्यात आला. त्या मोजणीचे छायाचित्र पाहताच आपण एकच प्रश्न विचारलात: ‘‘या काउंटरला टाइमबेस, म्हणजे मोजणीसाठी वेळेचा संदर्भ, कोणाचा दिला आहे?’’ काउंटरच्या मागच्या बाजूला, बाह्य संदर्भाच्या जागी, माझ्याच ऑसिलेटरची दुसरी केबल गेलेली त्या छायाचित्रात स्पष्ट दिसत होती. स्वतःलाच स्वतःशी ताडून पाहणारा ऑसिलेटर कितीही चुकलेला असला तरी तेथे शून्येच दिसली असती. शुल्क घेणाऱ्यांनी एवढे तरी पाहायला हवे होते, याचा राग मला आजही आहे.

परंतु मला सर्वांत मोलाची वाटली ती आपली पुढची कृती. आपल्या टेबलावर नॅनोसेकंदाच्या अंशापर्यंत मोजणारा काउंटर सज्ज असताना, माझ्याकडे फक्त दोन चॅनेलचा जुना ऑसिलोस्कोप (विद्युत लहरी पडद्यावर दाखवणारे उपकरण) आहे हे कळल्यावर आपण तसाच एक जुना ऑसिलोस्कोप कपाटातून बाहेर काढलात, आपलाच एक ऑसिलेटर त्याला जोडलात आणि सगळी मोजणी त्याच्यावरच करून दाखवलीत. छायाचित्रांतल्या रेषा जाड आहेत, थोड्या थरथरतात, आणि एका नोंदीपुढे आपण स्वच्छ अक्षरांत लिहिले आहे की ती इतरांशी जुळत नाही, बहुधा ऑसिलेटर अजून पुरता तापलेला नसावा. ती नोंद गाळणे आपल्याला सहज शक्य होते. आपण ती गाळली नाहीत, म्हणूनच माझ्या पडद्यावर तसेच काही दिसले तेव्हा मी हातातले काम सोडून दिले नाही.

आपण दाखवलेली रीत इतकी साधी आहे की ती मला आधी कोणी का सांगितली नाही, हे कोडेच आहे. जीपीएस रिसीव्हरमधून दर सेकंदाला निघणाऱ्या पल्सवर ऑसिलोस्कोप ट्रिगर करायचा, म्हणजे प्रत्येक पल्सबरोबर पडद्यावरचे चित्र नव्याने सुरू करायचे, आणि दुसऱ्या चॅनेलवर 10 मेगाहर्ट्झची लहर पाहत राहायची. लहर डावीकडे सरकली तर ऑसिलेटर वेगवान, उजवीकडे सरकली तर संथ. एका आवर्तनाला 100 नॅनोसेकंद लागतात. तेव्हा एक पूर्ण आवर्तन सरकायला 100 सेकंद लागले तर चूक अब्जात एक, आणि 1000 सेकंद लागले तर दहा अब्जांत एक. रिसीव्हर आपली पल्स स्वतःच्या घड्याळाच्या ठोक्यावरच काढू शकतो, त्यामुळे ती काही नॅनोसेकंद मागेपुढे होणारच. म्हणून क्षणाक्षणाच्या हालचालीवरून निष्कर्ष न काढता बराच वेळ पाहावे, हेही आपण बजावलेत. केबलच्या लांबीची मला घातलेली भीतीही आपण दूर केलीत: मीटरमागे सुमारे 5 नॅनोसेकंदांचा विलंब होतो खरा, पण तो स्थिर असल्यामुळे वारंवारतेच्या तपासणीत त्याने काही बिघडत नाही.

या रीतीतला धोकाही आपण लपवला नाहीत, आणि मला तो भाग सर्वांत सुंदर वाटतो. ऑसिलेटर बरोबर 1 हर्ट्झने चुकलेला असेल, तरीही दर सेकंदाला पूर्ण संख्येतच आवर्तने होतात आणि लहर पडद्यावर जागची हलत नाही. म्हणून आधी ढोबळ तपासणी हवी: स्वतंत्र टाइमबेस असलेल्या साध्या काउंटरने, किंवा डब्ल्यूडब्ल्यूव्ही या अमेरिकन केंद्रासारखे प्रमाणवेळेचे रेडिओ केंद्र लघुलहरींवर ऐकू येत असेल तर त्याच्याशी आपल्या ऑसिलेटरचा ठेका जुळवून. लघुलहरी परावर्तित करणाऱ्या आयनावरणाच्या हालचालीमुळे त्या ठेक्यावर फार बारीक मोजणीसाठी विश्वास टाकू नये, पण एवढ्या ढोबळ कामाला तो पुरतो.

ज्ञान असलेली माणसे पुष्कळ भेटतात; समोरच्याच्या टेबलावर काय आहे हे आधी विचारून, आपली साधने बाजूला ठेवून, त्याच्या साधनांनी काम करून दाखवणारी माणसे फार थोडी असतात. असा सज्जनपणा एखाद्याच्या छंदाला वर्षानुवर्षे बळ देतो, हे मी आता स्वानुभवाने सांगू शकते.

निर्दोष ठरवलेल्या माझ्या ऑसिलेटरची लहर सुमारे 20 सेकंदांत एक आवर्तन सरकत होती, म्हणजे चूक अब्जात पाच. आपल्या टिपणानुसार तो पुरेसा तापू देऊन समायोजनाचा स्क्रू अगदी किंचित फिरवल्यावर आता तेवढ्याच सरकण्याला 1000 सेकंदांहून अधिक वेळ लागतो. दोन घड्याळांत फरक दिसला तर चुकते कोणते हे सांगता येत नाही, त्यासाठी तिसरे लागते, असे आपण टिपणाच्या शेवटी लिहिले होते. एका स्नेह्यांकडून रुबिडियमचा जुना संच (एक प्रकारचे अणुघड्याळ) आता काही दिवसांसाठी मिळाला आहे. तिन्हींच्या परस्पर तुलनेच्या नोंदी, न जुळणाऱ्यांसह, आपल्याकडे पाठवीन. सवडीने पाहाव्यात, ही विनंती.

आपली ऋणी,
एक छंदोपासक