वाघ्यासाठी बिल्ला

पुणे

प्रिय विनू,
सप्रेम नमस्कार.

वाघ्याचे फोटो पाहिले. किती देखणा दिसतो रे! रस्त्यावरचं कुत्रं तुम्ही घरात आणलंत आणि वहिनींनी त्याला थेट पडवीत जागा दिली, हे वाचून फार बरं वाटलं. फक्त एका गोष्टीने जीवाला घोर लागला आहे. दिवाळी तोंडावर आली आणि त्याच्या गळ्यात नुसती दोरी आहे.

फटाक्याने बिथरलेला कुत्रा दार किलकिलं दिसलं तरी निसटतो, आणि ओळखीच्या गल्ल्या मागे पडल्या की सैरभैर होतो. लॅब्राडोर एकटा फिरताना दिसला तर लोक थांबतात, 'कुणाचा आहे हा?' म्हणून विचारतात. वाघ्यासाठी कुणी थांबणार नाही. बिस्किटी रंग, उभे कान, वळलेली शेपटी. असे कुत्रे साताऱ्यात चौकाचौकात आहेत. त्यात तू लिहितोस की त्याच्या कानाला खाच आहे, रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी झाली की खूण म्हणून करतात ती. ती खाच पाहून तर हा रस्त्यावरचाच, अशी लोकांची खात्री पटेल. देशी कुत्रा हरवला तर तो हरवलाय हेच कुणाला कळत नाही, विनू. म्हणून 'याला घर आहे' हे त्याच्या अंगावर लांबूनही दिसायला हवं.

तेव्हा आधी चांगला रुंद पट्टा घे, रात्री गाडीच्या उजेडात चमकणारा. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं जातील इतकाच सैल ठेव. जास्त सैल असला तर मान मागे ओढून तो पट्ट्यातून मोकळा होईल. मग भांड्यांच्या दुकानात जा. लग्नातल्या भांड्यांवर नावं घालून देतात ना, त्याच मशीनवर पट्ट्याला अडकवायच्या पितळेच्या किंवा स्टीलच्या बिल्ल्यावर 'घरचा आहे' आणि खाली दोन मोबाइल नंबर कोरून घे. एक तुझा, दुसरा तुमच्या घराबाहेरच्या कुणाचा तरी. तुम्ही सगळे शोधायला बाहेर पडाल, तेव्हा कुणीतरी फोन उचलायला हवा. स्केचपेनने लिहिलेला नंबर पावसात जातो. हल्ली क्यूआर कोडचे बिल्लेही मिळतात, पण ज्याला वाघ्या सापडेल तो चहाच्या टपरीवरचा पोरगा असेल, रात्रपाळीचा वॉचमन असेल. त्याला आकडे वाचता येतील आणि तो लगेच फोन करेल. आमच्या शेजारच्या काकूंची राणी गेल्या दिवाळीत अशीच एका टपरीवाल्याच्या फोनमुळे परत मिळाली.

मायक्रोचिपचं विचारलंस. जरूर बसव, पण बिल्ल्याच्या जोडीला. तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप डॉक्टर जाड सुईने दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली घालतात. तिला बॅटरी नसते. स्कॅनर जवळ आणला की त्याच्याच लहरींवर ती जागी होते आणि १५ आकडी नंबर दाखवते. कुत्रा कुठे आहे ते तिला सांगता येत नाही, हे मात्र पक्कं ध्यानात ठेव. तो नंबर तुझ्या नावावर आणि चालू मोबाइलवर नोंदलेला नसेल तर त्यावरून तुझ्यापर्यंत कुणी पोचणार नाही. बसवण्याआधी दोन गोष्टी विचार: चिप आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाची आहे का, आणि नोंदणी कुठे होते. बसवल्यावर लगेच समोर स्कॅन करून बघ आणि तो नंबर रेबीजच्या लसीच्या कार्डावर लिहून घे. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१६ पासून कुत्र्यांना चिप सक्तीची आहे, पण तिथे सापडलेला कुत्रा स्कॅन करण्याची पद्धत रुळलेली आहे. आपल्याकडे टपरीवर स्कॅनर नसतो, म्हणून माझा सगळा भर बिल्ल्यावर. पट्टा तुटला किंवा कुणी काढून घेतला, तर चिप तुझ्या बाजूने बोलेल.

कुत्रा कुठे आहे ते मोबाइलवर दाखवणारा जीपीएसचा पट्टा परवडत असेल तर घे. चार्जिंग आणि रेंज सांभाळावी लागते.

आता फोटोंचं. तू पाठवलेत ते सगळे समोरून, जीभ बाहेर काढलेले. दोन्ही बाजूंनी उभा असतानाचे काढ, शेपटी नीट दिसू दे, आणि नाकाचा अगदी जवळून एक काढ. नाकावरच्या रेषा प्रत्येक कुत्र्याच्या वेगळ्या असतात. कॅनडाच्या केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, १९३८ मध्येच नाकाचे ठसे ओळख म्हणून मान्य करायला सुरुवात केली होती. एक खूण मात्र स्वतःजवळच ठेव, उदाहरणार्थ पोटावरचा डाग किंवा पंजातलं एखादं पांढरं नख. पोस्टरवर ती छापायची नाही. कुत्रा सापडलाय, आधी पैसे पाठवा, असं म्हणणारे फोन येतात. त्यांना तीच खूण विचारायची.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्याला दुपारीच फिरवून आण. संध्याकाळी आतल्या खोलीत ठेव, खिडक्या लावून, आणि पट्टा गळ्यातच राहू दे.

बिल्ल्याचा खर्च माझ्याकडून, वाघ्याला दिवाळीची भेट म्हणून. नंबर कोरताना दोनदा तपासून घे आणि फोटो पाठव.

काकूंना नमस्कार, वहिनींना सांग की चकल्या खायला भाऊबीजेनंतर येतोय.

तुझा,
शेखर