मामा, तबेल्याच्या खिट्ट्यांसाठी थँक्यू, यावेळी लिहून

मामा नमस्कार,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, चंदी (घोड्यांचं धान्य) दिली का" करून विषयच बदलता, म्हणून आता लिहूनच टाकतोय आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं, कारण आमच्या माथेरानात काय किंवा खाली नेरळ-कर्जतला काय, घोडे पाळणारे बहुतेक जण दाराला हार्डवेअरच्या दुकानात जे मिळेल तेच लावतात, आणि तुम्ही जे दाखवलंत ते दुकानदार सांगत नाही, सांगणार तरी कसा, त्याच्या दुकानात घोडा थोडीच येतो.

नवीन चार दारं बसवायची ठरली तेव्हा अल्ड्रॉप, टॉवर बोल्ट, साधी कडी-कोयंडा असं सगळं सॅम्पल म्हणून समोर ठेवलं होतं आणि आबा, मी, वेल्डर, सगळे दार बंद करून हलवून बघत होतो की कोणती घट्ट बसते. तुम्ही आलात, चहा बाजूला ठेवलात, दार सताड उघडलंत आणि विचारलंत, "आता ही खिट्टी कुठाय?" बस. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोड्यांची देखभाल करण्यात आयुष्य काढलेला सईस आणि आम्ही यांच्यात काय फरक आहे ते तिथंच कळलं. बंद दाराला सगळेच बघतात हो, पण घोडा जातो तो उघड्या दारातून. टॉवर बोल्टचा दांडा पूर्ण मागे ओढला नाही तर दाराच्या कडेच्या बाहेर बोटभर राहतो, अल्ड्रॉपचा हत्ता तर आडवा बाहेरच आलेला असतो, आणि घोडा बाहेर पडता पडता वळतो तेव्हा त्याच्या बरगड्या नाहीतर खुब्याचं हाड नेमकं त्यावर घासतं. तुम्ही आमच्या राणी घोडीच्या खुब्यावर हात ठेवून दाखवलंत, बघ, हे हिचं सगळ्यात रुंद हाड आणि हे दाराच्या जवळून जाणारच. जखम भरते पण एकदा लागलं की घोडा दाराला बिचकायला लागतो, पळतच बाहेर पडतो, मग अजून लागतं आणि मग माणसालाही चेपतो. म्हणून दार चार फुटांच्या खाली नको आणि बाहेर उघडणारंच पाहिजे, कारण घोडा लोळताना भिंतीला पाय अडकून दाराशीच पडला तर आत उघडणारं दार उघडणार कसं, हे तर आमच्या डोक्यातच नव्हतं आलं.

मोहरकीचं, म्हणजे घोड्याच्या तोंडावर बांधतात त्या पट्ट्याचं पण तसंच. आम्हाला वाटायचं लटकणारा हूक काय करणार, तर तुम्ही म्हणालात मोहरकीची कडी त्यात अडकली की घोडा मागे ओढतो, जेवढं सुटत नाही तेवढा जास्त ओढतो, आणि चारशे किलोचं जनावर घाबरून ओढायला लागलं की एक तर दार येतं नाहीतर मानेला लागतं. म्हणून आत असताना मोहरकी काढून दाराबाहेर खुंटीला, आणि स्नॅप हूक (स्प्रिंगने मिटणारा) लावायचाच असेल तर त्याचं तोंड घोड्याच्या बाजूला नको, नाकपुडीत नाहीतर पापणीत घुसतं. हे मी आता येईल त्याला सांगत सुटलोय, लोक कंटाळलेत.

आमच्या बादल घोड्याचा विषय वेगळाच. त्याचा वरचा ओठ म्हणजे हातच आहे, कडी उचलायची, सरकवायची, आणि बाहेर येऊन शेजारच्यांच्या दारात उभं राहायचं. आबांचं म्हणणं सरळ कुलूप लावा. त्यावर तुम्ही चिडला होतात, पहिल्यांदाच बघितलं तुम्हाला चिडलेलं. वर गवत भरलेलं, वायरिंग जुनं, रात्री आग लागली तर चावी शोधणार का? एका हातात घोडा धरायचा, दुसऱ्या हाताने अंधारात न बघता दार उघडता आलं पाहिजे, ही तुमची परीक्षा, आणि तुम्ही आम्हा प्रत्येकाला डोळे मिटून उघडायला लावलंत, आईला पण. मग उपाय काय तर वरती स्प्रिंगची चपटी खिट्टी, पल्ल्याच्या जाडीतच बसवलेली, उघडल्यावर आत जाते आणि बाहेर काहीच राहत नाही, आणि खाली जमिनीजवळ पायाने उडवायची दुसरी खिट्टी जिथे खालच्या अर्ध्या दारावरून मान काढली तरी बादलचा ओठ पोचत नाही. वरची तो अजूनही खेळत बसतो, खालच्या खिट्टीमुळे दार मात्र हलत नाही. खालच्या खिट्टीचा दुसरा फायदा म्हणजे घोड्याने खालून लाथ मारली तरी पल्ला बाहेर झुकत नाही आणि त्या फटीत खूर अडकत नाही.

चंदीच्या खोलीचं दार आम्ही यात धरलंच नव्हतं, तुम्हीच म्हणालात की तबेल्यात सगळ्यात पक्की खिट्टी तिथे पाहिजे. घोड्याला उलटी होत नाही, रात्रभर धान्य हादडलं तर पोटशूळ, आणि त्यातून वाचला तरी एकदोन दिवसांनी लॅमिनायटिस, म्हणजे खुरांच्या आत सूज. आणि इथे तर गाडी गावाबाहेरच्या दस्तुरी नाक्यापर्यंतच, जनावरांच्या डॉक्टरांना गाडी तिथेच सोडून पुढे यावं लागणार, तेवढा वेळ पोटशूळ झालेला घोडा घेऊन बसायचं म्हणजे काय ते घोडेवाल्यालाच माहिती.

बाकी वेल्डरशी तुमची जी बाचाबाची झाली ती तर मजाच होती. तो म्हणे स्क्रू मारून देतो, तुम्ही म्हणे आरपार बोल्ट, गोल डोकं आतल्या बाजूला आणि नट बाहेर, कारण घोडा दाराला रेलून अंग खाजवतो, स्क्रू चार महिन्यांत लाकडातून निघून येतो. आणि समोरच्या चौकटीतलं भोक गोल नको उभं लांबट पाडा, आमच्या पावसात लाकूड फुगतं, पल्ला खाली बसतो, खिट्टी भोकात जात नाही आणि मग माणूस "राहू दे अर्धी" म्हणून झोपायला जातो. वेल्डरने कुरकुर केली पण पाडलं. या पावसाळ्यात चारातले दोन पल्ले खाली बसले आणि खिट्ट्या बिनबोभाट लागत होत्या, हे तुम्हाला कळवायचंच होतं. स्टेनलेस स्टीलचा खर्च आबांना जड वाटला होता, पण जुन्या दारावरची लोखंडी स्प्रिंग गंजून जॅम झालेली बघून आता तेच शेजाऱ्यांना स्टीलचं सांगतात, जणू त्यांचीच आयडिया!

पैसे तर तुम्ही घेतले नाहीत, येण्या-जाण्याचं भाडं पण नाही, आणि आई अजून त्यावरून मला बोलते. यावेळी ऐकून घेणार नाही.

आता एकच राहिलंय मामा, वरचे अर्धे पल्ले दिवसा उघडे ठेवतो ते वाऱ्याने आपटतात, राणी दचकते. मागे भिंतीला अडकवायला हूक लावायचाय पण त्याचं तोंड कुठे करायचं आणि किती उंचीवर, घोड्याचं डोकं बाहेर असतं ना तिथे. फोटो पाठवलाय, बघून सांगा, नाहीतर सरळ याच. दस्तुरीवर मी बादलला घेऊन उभा राहतो, चालत येऊ नका, आणि जेवूनच जायचं असं आईने सांगितलंय.

तुमचाच,
राणी-बादलवाला