समुद्राच्या चाऱ्याची नोंदवही : मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : राज्याच्या किनारी पाण्यातील प्लवकांची जातवार आणि दीर्घकालीन नोंद सुरू करण्याबाबत.

महोदय,

२०२५ साली राज्य शासनाने मत्स्यव्यवसायाला कृषी दर्जा दिला. त्यानंतर किनाऱ्यावर चर्चा झाली ती विजेचे दर, कर्ज आणि विमा यांची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण शेती म्हटली की माती परीक्षणही येते. कोणत्या जमिनीत काय कमी आहे, हे शेतकऱ्याला निदान कागदावर तरी कळते. समुद्रातून मासा काढणाऱ्याला मात्र ज्या चाऱ्यावर तो मासा पोसला जातो, त्या पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या बारीक जिवांविषयी, म्हणजे प्लवकांविषयी, कुणीही काही सांगत नाही. आपल्या खात्याकडे नौकांची नोंदणी आहे, डिझेल परताव्याचा हिशेब आहे, बंदरांवर उतरणाऱ्या मासळीचे आकडे आहेत. हा चारा गेल्या तीस वर्षांत कसा बदलला, याची सलग जातवार नोंद मात्र खात्यात नाही. ती नोंद सुरू करावी, एवढ्यासाठीच हे पत्र.

मी रत्नागिरी जिल्ह्यात अनेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवले. प्लवक म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना सांगताना मी जवळ्यापासून, म्हणजे अगदी बारीक कोळंबीपासून, सुरुवात करीत असे, कारण जवळा प्रत्येकाच्या घरात असतो. प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या जिवांतच त्याची गणना होते. बोंबील त्याच्यावर जगतो आणि डोलीत, म्हणजे प्रवाहात रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, दोघे एकत्रच सापडतात. जवळ्याच्या खालच्या पायरीवर कोपेपॉडसारखे (कोळंबीच्या कुळातले इवलेसे जीव) प्राणी प्लवक आणि त्यांच्याही खाली डायटमसारखे, डोळ्यांना न दिसणारे वनस्पती प्लवक असतात. यांतल्या कोणत्या जाती कोणत्या महिन्यात, कोणत्या खाडीच्या तोंडाशी आणि किती असतात, यावर बांगडा आणि तारली कधी व कुठे येणार, हे बऱ्याच अंशी ठरते.

यात जातीला महत्त्व आहे. केवळ एकूण वजन मोजून भागत नाही. १९५०च्या दशकात केरळच्या किनाऱ्यावर काम करणाऱ्या आपल्याच शास्त्रज्ञांनी फ्रॅजिलारिया ओशियानिका या एका डायटमची भरभराट आणि तारलीची आवक यांचा संबंध दाखवून दिला होता. त्याच केरळमध्ये २०१२ साली तारलीची आवक सुमारे ३.९ लाख टन होती आणि २०२१ साली ती साडेतीन हजार टनांच्याही आत आली. ही घसरण आपल्याला आकड्यांत सांगता येते, याचे श्रेय बंदरोबंदरी मासळीची आवक मोजण्याचे कंटाळवाणे काम दशकानुदशके न थांबवणाऱ्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेला आहे. माशाच्या चाऱ्याचीही अशीच मोजदाद असती, तर घसरणीच्या कारणांवरचा वाद बराच लवकर आटोक्यात आला असता.

उपग्रह हे काम करतातच, असे उत्तर मला पूर्वी एका बैठकीत मिळाले होते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहांच्या आधारे पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य पाहून संभाव्य मासेमारी क्षेत्रांची माहिती देते. ती माहिती उपयोगी आहे आणि अनेक तांडेल (नौकेचे प्रमुख) ती पाहतात. पण उपग्रहाला दिसतो तो पाण्याच्या वरच्या थराचा रंग. पावसाळ्यात, म्हणजे खालचे थंड व पोषक पाणी वर येऊन समुद्रात सर्वाधिक घडामोडी होत असतात तेव्हा, ढगांमुळे तोही दिसत नाही. खाड्यांच्या तोंडाशी गढूळ पाणी त्या रंगात भेसळ करते. आणि हिरवा रंग नेमका कोणत्या जातीचा, हे खात्रीने ठरवायचे तर थेंब शेवटी सूक्ष्मदर्शकाखालीच घ्यावा लागतो.

अरबी समुद्राच्या उत्तर भागाचेच उदाहरण घ्या. तिथे हिवाळ्यात पूर्वी डायटमांची भरभराट होत असे. या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे हिरव्या नोक्टिलुका या एकपेशीय प्लवकाचे थर मोठ्या प्रमाणावर दिसू लागले. उपग्रहाला दोन्हींतले हरितद्रव्यच दिसत असले, तरी डायटम हा कोपेपॉडांचा आणि पर्यायाने माशांचा चारा आहे, तर नोक्टिलुका मुख्यतः साल्प (पारदर्शक, जेलीसारखे प्राणी) आणि जेलीफिश यांच्या पोटात जाते. आपल्या किनाऱ्यावर थंडीच्या सुरुवातीच्या रात्री लाट फुटताना पाणी निळे चमकते, लोक मोबाइल घेऊन गर्दी करतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, ती चमकही बहुधा नोक्टिलुकाचीच. असे पाणी बादलीत घेऊन काचेच्या पेल्यात उजेडासमोर धरले, तर साबुदाण्याच्या दाण्यापेक्षा कितीतरी लहान, पारदर्शक गोल कण वर तरंगताना नुसत्या डोळ्यांनी दिसतात. ते यंदा गेल्या वर्षीपेक्षा जास्त आहेत का, पंधरा वर्षांपूर्वीपेक्षा लवकर आले का, हे विचारणाऱ्या मच्छीमाराला देण्यासारखे उत्तर माझ्याकडे कधीच नव्हते.

हे काम कसे करावे, याचा नमुना शोधायला फार लांब जायला नको. गोव्यात कांदोळीसमोर, सुमारे २५ ते ३० मीटर खोलीवरच्या एकाच ठिकाणी, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७पासून निरीक्षणमालिका चालवली आहे, आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात आपल्या उथळ समुद्राच्या तळाशी प्राणवायू किती घटतो, याची समज अशाच निरीक्षणांतून आली. दूरचा नमुना ब्रिटनचा आहे. सर अ‍ॅलिस्टर हार्डी यांनी तयार केलेले एक यंत्र १९३१पासून मालवाहू जहाजांच्या मागे बांधून ओढले जाते आणि त्यातील रेशमी पट्टीवर प्लवक गोळा होतात. पद्धत शक्य तितकी न बदलता चालू ठेवल्यामुळेच, ईशान्य अटलांटिकमधील उष्ण पाण्याचे कोपेपॉड चार दशकांत सुमारे दहा अक्षांश उत्तरेकडे सरकले, हे २००२ साली सांगता आले. पुढे २००४ साली याच जुन्या पट्ट्या तपासून १९६०च्या दशकापासून समुद्रात सूक्ष्म प्लास्टिक वाढत गेल्याचे दाखवण्यात आले. पट्ट्या जपून ठेवणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात त्या वेळी प्लास्टिक होते?

इथे थोडे वैयक्तिक लिहितो. ज्या संस्थेत मी काही काळ काम केले, तिथे एका लाकडी कपाटात फॉर्मालिनमध्ये ठेवलेले प्लवकांचे जुने नमुने होते. प्रत्येक बाटलीच्या आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी होती (शाई विरघळते म्हणून पेन्सिल). तीवर तारीख, ठिकाण, भरतीची वेळ आणि जाळीचा आकार अशी सगळी माहिती होती. नूतनीकरणात संगणकांना जागा हवी होती, म्हणून एका शनिवारी ते कपाट रिकामे केले गेले. सोमवारी मी पोहोचलो, तेव्हा मागच्या अंगणात धुऊन पालथ्या घातलेल्या बाटल्या वाळत होत्या. कुणाचा हेतू वाईट नव्हता. एवढेच की त्या नमुन्यांची कुठल्याही रजिस्टरात किंमत लावलेली नव्हती.

किनाऱ्यावर प्लवक मोजलेच जात नाहीत, असे नाही. प्रत्येक बंदर, जेटी आणि औष्णिक प्रकल्पाच्या पर्यावरणीय आघात अहवालात प्लवकांचे एक प्रकरण असते. पण ते बहुधा एखाद्या हंगामापुरते असते, जाळीचा आकार वेगळा, कुणी उधाणाच्या मोठ्या भरतीला गेलेले तर कुणी भांगाच्या लहान भरतीला, आणि परवानगी मिळाली की अहवाल कपाटात. असे पन्नास अहवाल शेजारी ठेवले, तरी त्यांची मालिका होत नाही.

म्हणून माझी मागणी अशी. डहाणू, मुंबईबाहेरचा समुद्र, श्रीवर्धन, जयगड आणि मालवण अशी मोजकी ठिकाणे कायमची ठरवावीत आणि दर महिन्याला, भरती-ओहोटीच्या ठरावीक वेळी, त्याच आकाराच्या जाळीने नमुने घ्यावेत. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात यांत्रिक मासेमारी नौका बाहेर पडत नाहीत. तेव्हा हवामान परवानगी देईल तसे खात्याच्या गस्ती नौकेतून आणि नाहीच जमले तर खाडीच्या तोंडाशी जेटीवरून नमुना घ्यावा, कारण जून-जुलै वगळलेली मालिका कोकणच्या समुद्राविषयी अर्धेच सांगेल. मोजणीसाठी रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय आणि वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था हाताशी आहेत. अडचण येईल ती माणसांची. एक मिलिलिटर पाणी हजार चौकोनांच्या काचपट्टीवर पसरून जातीमागून जात ओळखणारा डोळा घडायला वर्षे लागतात, आणि अकरा महिन्यांच्या कंत्राटावर तो घडत नाही. पाच-सहा कायम पदे द्यावीत. नवी इमारत नाही दिली तरी चालेल. नमुन्यांच्या बाटल्यांना शासकीय दप्तराइतकेच संरक्षण द्यावे, जेणेकरून त्या फेकण्यासाठीही कुणाची तरी सही लागेल. प्रकल्प अहवालांतील प्लवकांची मूळ आकडेवारी खात्याकडे जमा करणे बंधनकारक करता आले, तर तेही करावे. आणि मोजणीचे आकडे दर वर्षी मच्छीमार सहकारी संस्थांना मराठीतून मिळावेत.

पहिली दहा वर्षे या मालिकेतून बातमी होण्यासारखे काही निघणार नाही, हे मला आधीच सांगितले पाहिजे. त्या काळात तीनदा तरी लेखा आक्षेप येईल की या खर्चाचे फलित काय. ‘नोंद चालू आहे’ हेच उत्तर त्या वेळी पुरेसे मानले जाईल, अशी तरतूद शासन निर्णयातच करून ठेवावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक,
रत्नागिरी जिल्हा