गिटारच्या पोटात आरसा घालून दाखवणाऱ्या दादांना

दादा, स. न. वि. वि.

तुम्ही मोबाइलवर फारसं वाचत नाही, तेव्हा हे पत्र कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल या भरवशावर लिहितोय.

मी आलो होतो अ‍ॅक्शन खाली करून घ्यायला, म्हणजे गिटारच्या तारा नेकच्या (दांड्याच्या) जवळ आणून घ्यायला. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, टॉप (गिटारची पुढची फळी) फुगतो, तारा वर जातात. तुमच्याकडे जून ते सप्टेंबर निम्मी गिऱ्हाइकं हेच गाऱ्हाणं घेऊन येत असणार. पण तुम्ही आधी विचारलंत, "वाजवता काय?" मी अमेरिकन गिटारवादक अँडी मकीचं 'ड्रिफ्टिंग' लावलं. २००६ साली यूट्यूबवर आलेला तो व्हिडिओ: डावा हात नेकच्या वरून येऊन तारांवर आपटतोय, उजवा गिटारच्या अंगावर. तुम्ही आवाज बंद करून तो पुन्हा पाहिलात. हात कुठे पडतोय तेवढंच बघायचं होतं म्हणे.

मग साउंडहोलमधून (टॉपवरच्या गोल भोकातून) छोटा बल्ब आणि आरसा आत गेला. टॉपखालच्या काठ्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. साउंडहोल आणि ब्रिज (टॉपवर तारा अडकवायची पट्टी) यांच्या मधे एकमेकींना छेदणाऱ्या दोन तिरप्या, आणि फिंगरबोर्डच्या टोकाखाली एक आडवी. तुम्ही बोटाच्या पेराने वरून ठोकत गेलात. काठीवर आवाज आखूड, कोरडा. दोन काठ्यांच्या मधे गोल, खोल. साउंडहोलच्या वरच्या अंगाला, जाड तारांच्या बाजूला, तळहाताची टाच पडली की किक (ड्रमसारखा खोल ठोका) मिळते ती यामुळे. ब्रिजच्या मागे त्याहून खोल आवाज येतो हे मीच उत्साहाने दाखवलं, तर तुम्ही म्हणालात, "तिथून हात तारांवर वेळेत परत येईल का?" नाही येत. स्नेअरसाठी (ड्रमच्या कडक, तीक्ष्ण ठोक्यासाठी) बोटांची टोकं बाजूच्या फळीवर, आणि अंगठी काढून.

यूट्यूबवरचे धडे सांगतात 'इथे मारा'. तिथेच का, हे मला तुमच्या आरशाने सांगितलं. आता दुसरी कुठलीही गिटार हातात आली की मी आधी ठोकून बघतो. दुकानदार वैतागतात, ते असो.

सेटअपचं, म्हणजे नेक आणि तारा जुळवण्याचं, तर मला सुचलंच नसतं. मी बहुतेक वेळ डी-ए-डी-जी-ए-डी ट्यूनिंगमध्ये असतो, म्हणजे सहावी, दुसरी आणि पहिली तार एकेक स्वर खाली. ताण कमी झाला की नेक किंचित मागे जातो आणि तारा फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) खरखरतात. तुम्ही गिटार आधी त्याच ट्यूनिंगमध्ये लावलीत, मग ट्रस रॉडला (नेकचा बाक सांभाळणाऱ्या आतल्या सळीला) पाना घातलात, सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) घासलंत. आता डाव्या हाताची बोटं नुसती आपटली तरी सूर स्पष्ट उमटतो. आधी त्यासाठी मनगट दुखेपर्यंत जोर लावत होतो. (बाराव्या फ्रेटवरचा स्लॅप हार्मोनिक, म्हणजे तारेवर बोट आपटून काढायचा घंटेसारखा सूर, अजून दहात सहा वेळाच लागतो. ते तुमच्या हातात नाही!)

पैसे तुम्ही फक्त सेटअपचे घेतलेत. दुपारभर जे शिकवलंत त्याबद्दल विचारलं तर "चहा पाजा" म्हणालात, आणि चहाही शेवटी तुम्हीच मागवलात. मनापासून आभार, दादा.

दिवाळीनंतर पिकअप (गिटारचा आवाज स्पीकरपर्यंत पोचवण्यासाठी उचलणारा सेन्सर) बसवायला येतो. तुम्ही सुचवलात तोच, ब्रिजखाली आतून चिकटवायचा, ज्यात अंगावरचे ठोकेही येतात. चहा या वेळी माझ्याकडून.

तुमचा,
पावसाळ्यातला एक गिऱ्हाईक