दोन निळे पिंप

सोलापूर, २३ जून

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतली झिंगाबाई गेली. आज नाही, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातच. मी फोनवर ‘कात टाकायला खडकामागं बसलीय’ म्हणत आलो, ते खोटं होतं. कोणताही झिंगा दोन महिने कात टाकत बसत नाही, हे तुला गोव्यात बसूनही कळलं असणार. तरी तू काही बोलली नाहीस. त्याचीच मला जास्त लाज वाटली, म्हणून हे पत्र. आई म्हणाली, व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाका की. पण हे दोन ओळींत बसणारं नाही.

यंदा ऊन लवकर चढलं. एप्रिल अर्धा संपायच्या आत पारा ४२ वर, आणि दुपारी टाकीचं पाणी २९ च्या पुढं जायला लागलं. तू सांगून गेलीस तसे दोन्ही छोटे पंखे पाण्यावर तिरके लावले. पाणी दोनेक अंशांनी उतरलं. आपली हवा कोरडी, म्हणून हे जमतं. माठ गार होतो तशीच ही तऱ्हा. तुमच्याकडच्या दमट हवेत त्याच पंख्यांनी एवढं काम केलं नसतं. पण माठातलं पाणी झिरपून उडतं, तसं टाकीतलंही उडायला लागलं. मार्चात रोजचं दोन लिटर होतं, ते साडेचारवर गेलं.

उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागंच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, आरओच्या. हे तू मला तीनदा सांगितलंस, कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवलंस. आणि मी तिन्ही वेळा म्हटलं, अगं, अख्खा जन्म सुताच्या रंगखात्यात गेला, मला बाष्पीभवन शिकवतेस?

तर आपोआप भर घालणाऱ्या तुझ्या पंपाचा फ्लोट मिठाची पुटं धरून अडकला. तो काढून ठेवला आणि मी मगानं हातानंच पाणी घालायला लागलो. बाल्कनीत आपले दोन निळे पिंप, मंगळवार पेठेतून एकदमच आणलेले, अगदी जुळे. एकात आरओचं पाणी, दुसऱ्यात रविवारच्या पाणीबदलासाठी कालवलेलं खारं. नळाला पाणी आलं त्या रात्री आईनं बाल्कनी धुतली आणि पिंप उलटसुलट ठेवले. (हे लिहू नका म्हणाली होती.) झाकणं सारखी, वासही सारखा. मी चार दिवस रोज साडेचार लिटर खारं पाणी टाकीत ओतलं. लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशोबानं रोज दीडशे ग्रॅमच्या वर मीठ, चार दिवसांत सव्वासहाशे ग्रॅम, आणि टाकी आपली एकूण १८० लिटरची.

पहिली खूण छत्रीनं दिली. तुझं ते लेदर कोरल, छत्रीच्या आकाराचं मऊ प्रवाळ, रोज अकराच्या सुमाराला फुलायचं, वरची लव टर्किश टॉवेलसारखी उभी राहायची. ती लव आत गेली आणि छत्री गुळगुळीत, चकचकीत, टक्कल पडल्यासारखी दिसायला लागली. तूच सांगितलं होतंस की लेदर अधूनमधून असं मिटतं, अंगावर मेणासारखा पापुद्रा धरतं आणि तो टाकून पुन्हा फुलतं. त्या भरवशावर मी दोन दिवस घालवले. पाचव्या दिवशी मात्र राहवलं नाही. खारेपणा मोजायच्या तुझ्या त्या डोळ्याला लावायच्या नळीवर माझा विश्वास नाही, म्हणून माझा जुना ट्वाडल, पाण्याची घनता मोजायची काचेची तरंगती नळी, काढला. समुद्राचं पाणी १.०२५, म्हणजे ट्वाडलवर बरोबर ५. काच सहाला टेकायला आली होती. लिटरला ३५ ग्रॅमचे साडेअडतीस झाले होते.

इथपर्यंतची चूक पिंपांची म्हणता येईल. पुढची माझी एकट्याची.

रिॲक्टिव्ह रंगात मीठ कसं घालतात, ते तू लहानपणी खात्यात येऊन बघितलंयस. गडद नेव्ही काढायचा तर लिटरला सत्तर ग्रॅम मीठ जातं, म्हणजे समुद्राच्या दुप्पट. पण ते एकदम कधी ओतायचं नाही, तीन हप्त्यांत घालायचं. एकदम ओतलं की रंग सुतावर धाव घेतो आणि अख्खा लॉट डागाळतो. किती नव्या पोरांना मी या एका गोष्टीवरून झापलं असेल! बाथ, म्हणजे रंगाचं पाणी, बिघडला तरी तेच. घाबरून दुरुस्ती करायची नाही, थोडं घालायचं, थांबायचं, नमुना बघायचा. आणि त्या दिवशी मी स्वतः काय केलं? सोळा लिटर उपसलं, सोळा लिटर गोडं पाणी ओतलं. सगळं मिळून पाऊण तास. काच पाचवर आली तेव्हा मला इतकं बरं वाटलं की आईला चहा टाकायला सांगितला.

खारेपणा चार दिवसांत हळूहळू चढला होता, त्याच्याशी सगळ्यांनी जमवून घेतलं होतं. उतरवायचा तोही तसाच, दोन-तीन दिवस घेऊन. माशाला अंगातलं मीठ-पाणी सांभाळायची सोय असते. झिंग्याला आणि प्रवाळाला ती फारशी नसते. बाहेरचं पाणी एकदम पालटलं की आत हाहाकार होतो. हे मी नंतर वाचलं. संध्याकाळी दिवे मंद झाले तेव्हा ती वाळूवर आडवी होती, पाय हलत होते. सकाळी हललेली नव्हती. मी चिमट्यानं उचलून खिडकीच्या उजेडात धरलं, कारण कात असली तर ती पोकळ, आरपार दिसते, हे तूच दाखवलं होतंस. आरपार दिसलं नाही.

तुला एक सांगितलं नव्हतं. तू गेल्यापासून रोज काच पुसायला हात घातला की ती खडकावरून उतरून माझ्या बोटांवर यायची आणि नखं साफ करायला बसायची. माझ्या नखांच्या कडांत निळा रंग आहेच, रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी तो गेला नाही. साबणानं गेला नाही, लिंबानं गेला नाही. ती आपली तिचे ते पांढरे बारीक चिमटे घेऊन त्यालाच कोरत बसायची. गुदगुल्या व्हायच्या. मी हात मुद्दाम जरा जास्त वेळ ठेवायचो. रंग काही निघाला नाही, पण तिनं प्रयत्न सोडला नव्हता.

छत्री आठवडाभर तग धरून होती. मग एका कडेनं काळी पडली, मऊ झाली, पाण्याला कुजका वास यायला लागला. कार्बनची पिशवी टाकली, फेसातून घाण काढणाऱ्या स्किमरचा कप दिवसाला दोनदा ओतला. आणि मग, सगळंच सांगायला बसलोय तर हेही सांगतो, तुला कळू नये म्हणून तशीच दुसरी छत्री विकत आणायची असं मी ठरवलं. पुण्यातल्या एकाला फोन लावला. लेदर नाही म्हणाला. ‘पण काका, हार्ड पीस आहे एक, फर्स्ट क्लास, बिल मात्र मागू नका.’ हार्ड म्हणजे दगडी, खडक बांधणारं प्रवाळ. किंमत ऐकून नव्हे, ‘बिल मागू नका’ ऐकून मी फोन ठेवला. मालवणला पाण्यात तोंड घालून तू पहिल्यांदा जिवंत प्रवाळ बघितलंस, त्या रात्री लॉजवर मला वन्यजीव कायदा शिकवला होतास. १९७२ चा कायदा, त्यात २००१ पासून खडक बांधणारं सगळं प्रवाळ पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. घरात वाघ पाळणार का, असं विचारलं होतंस. म्हणून आपल्या टाकीत मशरूम, झोआ आणि लेदर ही मऊ प्रवाळं, एवढंच. आईनं मात्र तेव्हा बोटातलं पोवळं पदराखाली लपवलं होतं, ते मला अजून आठवतं.

तुझं वहीतलं टेस्टचं वेळापत्रक मी पाळतोय. खरं सांगू, त्यात आता मला गोडी लागलीय. थेंब-थेंब टाकून रंग पालटायची वाट बघायची, हे तर माझंच काम. नायट्रेटचा नमुना कार्डाशी जुळवायला मी ट्यूबलाइटखाली बसत नाही, उत्तरेच्या खिडकीशी जातो. शेड बघायची ती उत्तरेच्या उजेडात. तुझ्या वहीत मागचे तीन आकडे ‘१० किंवा २०?’ असे आहेत, माझे बघ, एकालाही प्रश्नचिन्ह नाही.

चुन्याचं मात्र हसू येतं. रंगखात्यात आम्ही आयुष्यभर पाण्यातल्या कॅल्शियमशी भांडलो. पाणी जड असलं की रंग फाटतो, सुतावर ठिपके उठतात. म्हणून सॉफ्टनर लावायचा, कडकपणा पन्नासच्या आत आणायचा, वर गेला की मालक बोलणार. आणि इथं तू कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३०० लिहून ठेवलंयस! मी एकदा आमच्या पद्धतीनं कडकपणाचा हिशोब केला, सहा हजारांच्या पुढं गेला. एवढ्या पाण्यात रंग काढायचा म्हटलं असतं तर मी नोकरीच सोडली असती. आधी त्याच नळाच्या पाण्यातून आरओनं सगळं काढायचं, मीटरवर शून्य दिसेपर्यंत, आणि मग पुडीतून पुन्हा घालायचं. आईच्या दृष्टीनं हा शुद्ध वेडेपणा. एक लिटर गोड्यामागं तीन लिटर वाया जातं, आणि आपल्याकडं पाणी चार-पाच दिवसांआड. ते वाया गेलेलं आता बादलीत धरतो. फरशी, संडास आणि तिची तुळस त्यावर चालते. तुळस बरी आहे.

अल्कलिनिटी साडेसातच्या खाली गेली तर सोडा अ‍ॅश घालायचा, असं लिहिलंयस. माझ्याकडं खात्यातलं पोतं उरलेलं आहे. नाही घातलं, काळजी करू नकोस. ते कापडासाठीचं, त्यात काय काय असेल मलाच माहीत. आणि गरजही पडली नाही. दगडी प्रवाळ नाही म्हटल्यावर या क्षारांचा खप कमी, रविवारच्या अठरा लिटरांवर भागतं.

मे महिन्यात एकदा दुपारी पाच तास वीज नव्हती. बॅटरीचा हवेचा पंप आणि फ्रीजमधल्या बर्फाच्या बाटल्या, एकेक करून, अर्ध्या अर्ध्या तासानं. एकदम नाही. सगळे वाचले. निमो माशांची जोडी तर मजेत आहे. मोठी लहान्याला खडकाजवळ फिरकू देत नाही. ती मूळची नरच, मोठी झाली म्हणून मादी झाली, हे आईला सांगितल्यापासून ती शेजारच्या काकूंना दाखवायला बोलावते.

छत्री सगळी गेली नाही. कुजलेला भाग मी दाढीच्या नव्या ब्लेडनं कापला, अंगठ्याच्या पेराएवढा निरोगी तुकडा राहिला, तो दगडाच्या चिपेवर रबर बँडनं सैल बांधून कमी प्रवाहात ठेवला. तीन आठवड्यांत त्यानं दगड धरला. रबर काढलं. परवा अकरा वाजता त्यावर लव उभी राहिली, मोजली तर नऊ तंतू. काल चौदा. फोटो काढला, पण माझा हात हलतो, धूसर आलाय.

झिंगाबाईच्या जागी दुसरी मी आणलेली नाही. आणायची तर तू ये आणि तू आण. पिशवीतून टाकीत सोडताना थेंबाथेंबानं पाणी जुळवायला दोन तास लागले तरी मी स्टूल घेऊन बसेन.

आईनं ऑइलपेंट आणून एका पिंपावर ‘गोडं’ आणि दुसऱ्यावर ‘खारं’ असं लिहिलंय. ‘खारं’च्या खाली बारीक अक्षरात ‘आधी विचारा’. येताना मिठाची एक बादली आण, ही जुलैअखेर संपेल. आज रात्री अडीचला पाणी सोडणार आहेत, गोडं पिंप रिकामं आहे, तेव्हा आता थोडा आडवा होतो.

तुझे
बाबा